शेतकऱ्याचे ऐकणे आणि बोलणे

प्रयोगक्षेत्रावर सिद्ध झालेले ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचविण्याच्या कार्याला आपण कृषिविस्तार म्हणतो. हा शब्द काहीसा फसवा आहे. तेलाचा थेंब पाण्यावर पडला की आपोआप पसरतो. ज्ञानाचेही तसेच होत असावे, अशी समजूत त्या शब्दामुळे नकळत होते. प्रत्यक्षात शेतकरी ऐकलेली प्रत्येक गोष्ट करीत नाही, आणि त्याने तसे करूही नये. चूक झाली तर नुकसान सांगणाऱ्याचे होत नाही, त्याचे होते. आणि तेही एका दिवसाचे नव्हे, एका हंगामाचे. म्हणून कोणी सांगितले, कोणाच्या रानात ते करून पाहिले, आणि पीक बुडाले तर जाब कोणाला विचारायचा, हे तीन प्रश्न तो मनाशी विचारतो. त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून ज्ञानाचा थेंब कितीही तेलकट असला तरी पसरत नाही.

आज हे सारे आठवण्याचे कारण असे की, कृषिविस्ताराच्या हाती एक नवे साधन आले आहे. शेतकऱ्याच्या खिशातील दूरध्वनीवर व्हॉट्सॲपचे गट आहेत, यूट्यूबवरील चित्रफिती आहेत, फेसबुकवरील मंडळे आहेत. सकाळी रोगट पानाचे छायाचित्र पाठवावे आणि न्याहारीच्या आत दहा ठिकाणांहून दहा उत्तरे यावीत, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. ह्या साधनाचे गुण गाणारे पुष्कळ आहेत, दोष दाखविणारेही आहेत. परंतु ह्या दोघांनाही बहुधा ज्याची आठवण नसते असा एक प्रयोग आपल्याच देशात, पुणे आकाशवाणीच्या क्षेत्रात, १९५६ साली होऊन गेला. यंत्र आणि शेतकरी ह्यांचा संबंध कसा असावा, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रयोगाने फार स्पष्टपणे दिले होते. ते उत्तर आपण पुढे विसरलो, आणि आज ते पुन्हा शोधीत आहो.

कृषिविस्ताराचा प्रश्न अर्थातच त्याहून जुना आहे. १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगाने १९२८ साली आपला अहवाल सादर केला. सरकारी प्रात्यक्षिक-क्षेत्रावर पीक उत्तम आले तरी शेतकरी त्यावर फारसा विश्वास ठेवीत नाही, म्हणून प्रात्यक्षिक त्याच्या स्वतःच्या शेतात व्हावे, असा आयोगाचा कल होता. ह्या निरीक्षणात मोठे शहाणपण आहे. सरकारच्या शेताला पाणी, खत आणि मजूर ह्यांची वाण नसते. तेथे पिकले म्हणून आपल्याकडे पिकेलच असे नाही, हा शेतकऱ्याचा तर्क बिनचूक होता. त्याच सुमारास, १९२७ साली, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले होते. १९३६ साली सरकारी नभोवाणीला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. खेड्यासाठी कार्यक्रम प्रक्षेपित करण्याचे प्रयत्न त्या दशकात पेशावर, अलाहाबाद इत्यादी ठिकाणी झाले. परंतु हे सारे प्रयत्न एकमार्गी होते. शहरातून आवाज निघे, खेड्यात तो कर्ण्यातून पडे, आणि मग पुढे काय होई ह्याची वार्ता शहराला नसे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. उत्तर प्रदेशातील इटावा येथे १९४८ साली अल्बर्ट मेयर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रामविकासाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्यातून ग्रामसेवक ह्या नव्या कार्यकर्त्याची कल्पना आकाराला आली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना देशभर आरंभिली गेली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा. पुण्याचे आकाशवाणी केंद्रही २ ऑक्टोबर १९५३ रोजीच सुरू झाले. म्हणजे गावात हिंडणारा ग्रामसेवक आणि गावात ऐकू येणारा रेडिओ हे दोघे पुणे भागात जवळजवळ एकाच वेळी आले. प्रश्न होता तो दोघांची गाठ घालण्याचा.

ती गाठ घालण्याची युक्ती कॅनडात सापडली होती. त्या देशाच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशात शेतकऱ्यांची घरे एकमेकांपासून कोसच्या कोस दूर. तेथे १९४१ साली नभोवाणी, प्रौढशिक्षण संस्था आणि शेतकऱ्यांचा महासंघ ह्या तिघांनी मिळून एक उपक्रम सुरू केला. शेजारपाजारचे शेतकरी ठरलेल्या संध्याकाळी एका घरी जमत, आधी आलेले पत्रक वाचीत, कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत वाद घालीत आणि आपले मत लिहून केंद्राकडे पाठवीत. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यांचे ब्रीद. त्यातील ऐकणे एवढेच नभोवाणीच्या हातात होते. उरलेले तिन्ही शेतकऱ्यांच्या. युनेस्कोला ही कल्पना इतर देशांतही लावून पाहावीशी वाटली, आणि त्यासाठी भारताची निवड झाली.

त्या वेळी आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे होते. सनदी अधिकारी म्हणून ते नावाजलेले होतेच, पण 'कोणार्क' ह्या नाटकाचे कर्ते म्हणून हिंदी साहित्यालाही ते परिचित आहेत. प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले, आणि ते काम पॉल न्यूराथ ह्या समाजशास्त्रज्ञाने केले. हे गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवटीत त्यांनी डाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्या भोगल्या, तेथून सुटून ते अमेरिकेत गेले आणि तेथे समाजशास्त्राचे अध्यापक झाले. निरक्षरालाही कळेल अशी चित्रांची भाषा घडविण्याचा ध्यास घेतलेले तत्त्वज्ञ ऑटो न्यूराथ हे त्यांचे वडील. सामान्य माणसापर्यंत ज्ञान कसे न्यावे, हा प्रश्न त्यांच्या घरातच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रयोगाची आखणी साधी होती. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतून दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे एक श्रोतृमंडळ स्थापन केले. त्याला एक अध्यक्ष आणि एक लिहितावाचता येणारा कार्यवाह असे. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे वीस कार्यक्रम झाले. ते संपले की रेडिओ बंद करावयाचा आणि बोलावयास सुरुवात करावयाची. चर्चेत काय निघाले, काय ठरले, कोणत्या शंका उरल्या, हे कार्यवाहाने लिहून केंद्राकडे पाठवावयाचे. केंद्राने त्या शंकांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून द्यावयाची. म्हणजे गावाने विचारलेला प्रश्न पुण्याहून त्याच गावात उत्तर घेऊन परत येई.

न्यूराथ ह्यांनी येथे खरी शास्त्रीय दक्षता घेतली. केवळ मंडळे असलेली गावे पाहून त्यांचे समाधान झाले नाही. तुलनेसाठी त्यांनी दुसऱ्या दोन प्रकारची गावे घेतली. एका प्रकारच्या गावांत रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. दुसऱ्या प्रकारच्या गावांत रेडिओही नव्हता. प्रयोगापूर्वी आणि प्रयोगानंतर तिन्ही ठिकाणच्या लोकांना तेच प्रश्न विचारण्यात आले. निष्कर्ष असा निघाला की, मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तेथे ती फारच थोडी पडली. ह्या निष्कर्षाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. रेडिओ दोन्हीकडे होता. त्यातून निघणारा आवाज तोच, शब्द तेच, वेळही तीच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या वेळेचा. पहिल्या गावात त्या वेळी वीस माणसे बोलत होती. दुसऱ्या गावात ती उठून घरी गेली होती.

आणखी एक गोष्ट संयोजकांच्याही अपेक्षेपलीकडची घडली. मंडळे केवळ ऐकण्याबोलण्यावर थांबली नाहीत. कोठे विहीर खोदली गेली, कोठे जातिवंत वळू आणला, कोठे लेगहॉर्न कोंबड्या. काही गावांत मालविक्रीच्या संस्था निघाल्या, तर काहींत बालवाड्या. दहा आठवड्यांच्या आत मंडळ हे गावातील एक निर्णय घेणारे ठिकाण होऊ लागले. ज्याला अक्षर येत नव्हते तोही चर्चेत मागे राहिला नाही. कारण चर्चा जमिनीची आणि गुराढोरांची होती, आणि त्या विषयात त्याचा अनुभव कार्यवाहाहून अधिक होता. माथुर आणि न्यूराथ ह्यांचा ह्या प्रयोगावरील ग्रंथ युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ग्रामीण श्रोतृमंडळांची योजना देशातील इतर केंद्रांवरही सुरू झाली.

प्रयोगाला मर्यादाही होत्या. वीस जणांच्या मंडळात स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच. शेतातील पेरणी, खुरपणी, काढणी आणि बियाण्याची साठवण ह्यांपैकी किती तरी कामे जिच्या हातून होतात, ती त्या संध्याकाळी चुलीपाशी होती. आणि दहा आठवड्यांचा उत्साह दहा वर्षे टिकतोच असेही नाही. योजना देशभर पसरली, मंडळांची संख्या हजारांच्या घरात गेली. पण पुण्याला जी काळजी वाहिली गेली ती सर्वत्र वाहणे शक्य झाले नाही. संघटक गावाला वरचेवर भेट देतो, अहवालाला उत्तर येते, शंका वाऱ्यावर सोडली जात नाही, ह्या गोष्टींवर मंडळाचे प्राण अवलंबून होते. त्या जेथे बंद पडल्या तेथे मंडळ कागदावर उरले. त्यातच ट्रान्झिस्टर आला. तो स्वस्त होता, हलका होता, आणि बांधावर, गोठ्यात, उशापाशी कोठेही वाजत होता. रेडिओ प्रत्येकाचा झाला ही मोठीच प्रगती. पण चावडीवर एकत्र बसून ऐकण्याचे कारण मात्र त्याबरोबर नाहीसे झाले.

ह्याचा अर्थ नंतरच्या काळात नभोवाणीने काही केले नाही असा मुळीच नव्हे. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६० नंतर तेथे सघन शेतीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला होता. १९६६ साली काही आकाशवाणी केंद्रांवर शेती व गृह विभाग स्थापन झाले. त्यांतील तिरुचिरापल्ली केंद्राने एडीटी-२७ ह्या भाताच्या जातीचा इतका सातत्याने पाठपुरावा केला की, शेतकरी त्या भाताला 'रेडिओ भात' ह्याच नावाने ओळखू लागले. लोकांनी स्वतःहून दिलेल्या अशा नावाहून मोठा सन्मान प्रसारकाला दुसरा कोणता मिळणार? पण तेथेही आवाजामागे पायांचे बळ होते. त्या जिल्ह्यात ग्रामसेवक होते, सहकारी पतपुरवठा होता, खत वेळेवर येत होते. रेडिओने जे सांगितले ते दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या गोदामात मिळत होते. सांगणे आणि देणे ह्यांची सांगड तेथे बसली होती.

दूरचित्रवाणीची कथाही ह्याच वळणाची आहे. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीभोवतालच्या ऐंशी गावांसाठी 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम सुरू झाला. तेथेही संच सामुदायिक होते आणि पाहणारे एकत्र बसत. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान ह्या राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत थेट दूरचित्रवाणी नेण्यात आली. महाराष्ट्रात मुंबई केंद्राचा 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम घराघरांत पाहिला गेला. डोळ्यांना दिसल्याने पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या. कलम कसे बांधावे हे दहा वेळा ऐकून जे कळत नाही ते एकदा पाहून कळते. तथापि पडद्यावरील माणसाला शंका विचारता येत नव्हती. पोस्टकार्ड पाठवावे आणि नशिबात असेल तर महिन्याने उत्तर ऐकावे, एवढाच मार्ग होता. आणि तोवर पिकावरची कीड थांबत नव्हती.

मग ह्या काळात शेतकरी माहिती घेत होता तरी कोणाकडून? २००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणीत हा प्रश्न देशभरच्या शेतकरी कुटुंबांना विचारण्यात आला. शंभरांतील सुमारे साठ कुटुंबांनी कोणत्याही साधनाचा उपयोग केलेला नव्हता. उरलेल्यांत पहिला क्रमांक लागला तो दुसऱ्या प्रगतिशील शेतकऱ्याचा, सुमारे सतरा टक्के. त्यानंतर खते-औषधे विकणारा दुकानदार आणि रेडिओ, प्रत्येकी सुमारे तेरा टक्के. सरकारच्या विस्तार कार्यकर्त्याचा वाटा सहा टक्क्यांच्याही आत होता. पन्नास वर्षे विस्तारसेवा चालविल्यानंतरचा हा हिशेब आहे. शेजारी अव्वल ठरला, आणि ज्याचा माल खपण्यात स्वार्थ आहे तो दुकानदार सल्लागार म्हणून रेडिओच्या बरोबरीने उभा राहिला. समाजमाध्यमे खेड्यात शिरली ती ह्या भूमीवर. शेजाऱ्यावरचा विश्वास आणि दुकानदाराची सत्ता, ही दोन्ही त्यांना आयतीच मिळाली.

दूरध्वनीने पहिला फरक केला तो प्रश्न विचारण्याच्या सोयीत. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटरची सेवा सुरू झाली. विनामूल्य क्रमांक फिरवावा आणि आपल्या भाषेत विचारावे. महाराष्ट्रात २००८ च्या हंगामात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून पिकांवरील कीडरोगांचे सर्वेक्षण करून सल्ला देण्याचा प्रकल्प कृषी विभागाने हाती घेतला, आणि शेतावर घेतलेल्या नोंदींवरून निघणारा इशारा लघुसंदेशाने शेतकऱ्याच्या हाती पडू लागला. पुढे २०१६ नंतर इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि छायाचित्र, आवाज व चित्रफीत पाठविणे ही खेड्यातील रोजची गोष्ट झाली. द्राक्ष, डाळिंब, ऊस, आले अशा नगदी पिकांच्या बागायतदारांनी आपले गट स्वतःच बांधले. त्यांत काही ठिकाणी कृषी विज्ञान केंद्रांचे शास्त्रज्ञ आले, काही ठिकाणी कृषी सहायक आले. ह्या गटांना कोणी योजना दिली नव्हती की अनुदान दिले नव्हते. शेतकरी आता नुसता ऐकत नव्हता. तो बोलू लागला होता, आणि साठ वर्षांपूर्वी टपालाने जाणारी त्याची शंका आता पापणी लवते न लवते तोच पोचत होती.

ह्या साधनाचे बळ एका प्रसंगाने चांगले दिसले. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली, आणि सप्टेंबरपर्यंत ती महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यात दिसली. ही कीड ह्या देशाला नवी होती. तिचा पतंग दूर उडतो, आणि मक्याच्या पोंग्यात शिरलेल्या अळीवर फवारा सहसा पोचत नाही. म्हणून ती लहान असतानाच ओळखणे हाच उपाय. सुदैवाने तिची ओळख डोळ्यांना पटणारी आहे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे धरल्यासारखी फिकट खूण, आणि शेपटीकडील भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. हे वर्णन छापील पत्रकात वाचून विसरले जाईल. पण त्या अळीचे स्वच्छ छायाचित्र ज्याने दूरध्वनीवर पाहिले तो दुसऱ्या दिवशी पोंगा उघडून ती ओळखू शकतो. अशा प्रसंगी रेडिओ, वर्तमानपत्र आणि ग्रामसेवक ह्यांपैकी कोणालाही न साधणारा वेग ह्या माध्यमाला साधतो, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु जे चार ठिपक्यांबाबत साधते ते पिवळ्या पानाबाबत साधत नाही. एक उदाहरण पाहा. 'केवडा पडला' असे आपल्याकडचा शेतकरी म्हणतो. ऊसकरी हा शब्द वापरतो तेव्हा बहुधा चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने पांढुरकी-पिवळी पडलेली कोवळी पाने त्याच्या मनात असतात. द्राक्षबागायतदार हाच शब्द वापरतो तेव्हा तो एका बुरशीजन्य रोगाविषयी बोलत असतो. बाजरीवरील अशाच एका रोगालाही केवडा म्हणतात. पहिल्याला लोह हवे, दुसऱ्याला बुरशीनाशक हवे. दोन भिन्न प्रदेशांतील शेतकरी एका गटात आले, एकाने विचारले 'केवड्यावर काय मारू?' आणि दुसऱ्याने आपल्या अनुभवाचे औषध प्रामाणिकपणे सांगितले, तर त्यात कोणाचीच लबाडी नाही, आणि तरी पैसे आणि पीक दोन्ही वाया जातात. १९५६ सालच्या मंडळात हा घोटाळा होणे अवघड होते. तेथे बसलेल्या वीस जणांची जमीन एकाच शिवारातली होती, आणि विचारणारा कोणत्या पट्टीतल्या कोणत्या उसाविषयी बोलतो आहे हे सर्वांना ठाऊक होते.

येथे संख्येचा विचार सुचतो. श्रोतृमंडळात वीस माणसे होती. व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा २०१६ साली २५६ झाली आणि पुढे ती हजाराच्या वर गेली. वीस माणसे एकमेकांना ओळखतात. हजार माणसे एकमेकांना केवळ क्रमांकाने ओळखतात. सल्ला देणारा शेतकरी आहे, शास्त्रज्ञ आहे की एखाद्या कंपनीचा विक्रेता, हे कळावयास मार्ग नसतो. त्यातून एकाचे उत्तर दुसऱ्या गटात, तेथून तिसऱ्यात असे सरकत जाते, आणि मूळ शेत, मूळ तारीख, मूळ माणूस गळून पडतो. जून महिन्यात कोकणासाठी दिलेला इशारा ऑगस्टात मराठवाड्यात फिरताना दिसावा, असे हे माध्यम आहे. २००६ साली बंगळूरमध्ये सुरू झालेल्या डिजिटल ग्रीन ह्या उपक्रमात गावच्याच शेतकऱ्यांच्या चित्रफिती घेऊन त्या शेजारच्या गावांत गटाने बसून दाखवीत. तेथील कार्यकर्त्यांचा अनुभव फार बोलका आहे. चित्रफीत संपली की पाहणारे पहिला प्रश्न विचारीत तो हा की, हा शेतकरी कोण आणि कोणत्या गावचा? तंत्राविषयीची चौकशी त्यानंतर. आरंभी मी जे तीन प्रश्न म्हटले ते हेच.

आणि ह्या माध्यमाचा आवाज ज्यांच्यापर्यंत मुळीच पोचत नाही त्यांचे काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली, आणि कित्येक शेकडा रुग्णालयात गेली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, उन्हाचा ताव, हातमोजे नाहीत, तोंडावर मुखवटा नाही, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालविण्याची सवय. मेलेल्यांत शेतकरी होते, तसेच रोजंदारीवर फवारणी करणारे शेतमजूरही होते. पाठीवर पंप घेणारा मजूर बागायतदारांच्या कोणत्याही गटात नसतो. औषध कोणते घ्यावे ह्यावर गटातून शंभर निरोप फिरतात; ते मारताना वाऱ्याकडे पाठ कशी करावी हे सांगणारा निरोप फिरला, तरी तो त्याच्यापर्यंत जात नाही. स्त्रियांचीही स्थिती निराळी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून थोडेच अधिक आढळले, आणि ग्रामीण भागात ते निम्म्याच्याही खाली होते. १९५६ साली जी चुलीपाशी राहिली ती पुष्कळ अंशी अजून तेथेच आहे. तिचा आवाज ऐकू येतो तो दुसरीकडे. २००८ साली सुरू झालेल्या मेदक भागातील संघम रेडिओवर दलित शेतकरी स्त्रिया बियाण्यांविषयी बोलतात, आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथून माणदेशी तरंग वाहिनी बोलते. ह्या लहान केंद्रांचा पल्ला थोड्या मैलांचा आहे. पण बोलणारी कोण, हे ऐकणारीला ठाऊक असते.

ह्या सर्वांवरून समाजमाध्यमे टाकून द्यावीत असा निष्कर्ष कोणी काढू नये. ट्रान्झिस्टर आला म्हणून कोणी रेडिओ फोडला नव्हता. पुण्याच्या प्रयोगात रेडिओला जी जोड मिळाली होती ती ह्या नव्या साधनाला कोण देणार, एवढाच प्रश्न आहे. आणि तिचे स्वरूप आपल्याला माहीत आहे. गट एका शिवाराचा, एका पिकाचा आणि माणसे ओळखीची असावीत. त्याला जबाबदार कार्यवाह असावा. आलेला निरोप कोठला, कधीचा, कोणाचा, हे पाहून तो पुढे जाऊ द्यावा की नाही हे त्याने ठरवावे. औषधाची मात्रा सांगणाऱ्याने आपले नाव आणि हुद्दा सांगावा. विद्यापीठाच्या वा कृषी विभागाच्या माणसाने उत्तर दिले तर ते त्याच्या कामाचा भाग समजले जावे. रात्री फावल्या वेळात केलेला उपकार नव्हे. पंधरवड्यातून एकदा तरी दूरध्वनी खिशात ठेवून सर्वांनी एका बांधावर जमावे, आणि त्या बैठकीला मजूर आणि घरातील बायामाणसे असावीत. आणि काय ठरले, काय केले, काय फसले, ह्याची नोंद राहावी. कारण पडद्यावरून वर सरकून गेलेले उत्तर पुढच्या हंगामात कोणाला सापडत नाही. हे करावयास नवे यंत्र लागत नाही. माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे मोल देण्याची तयारी लागते. नेमकी तीच आपण १९५९ नंतर आखडती घेतली होती.

आता तर यंत्रच उत्तर देऊ लागले आहे. शेतकऱ्याने आपल्या भाषेत विचारावे आणि संगणकाने क्षणात सांगावे, अशी साधने २०२३ पासून सरकारनेही आणली आहेत. त्यांचा उपयोग होईल, आणि पुष्कळ होईल. पण यंत्राने दिलेले उत्तर बरोबर असले तरी ते अमलात आणावे की नाही, ह्याचा निश्चय शेतकरी एकट्याने करीत नाही. तो चारचौघांत करतो. त्याला उत्तर तर हवेच असते, पण ते चारचौघांपुढे घासून पाहण्याची जागाही हवी असते. दीडशे गावांतील चावड्यांनी ती जागा दहा आठवडे त्याला दिली होती, आणि तेवढ्या अवधीत तेथे विहिरी खोदल्या गेल्या. रेडिओ बंद करून बोलावयास सुरुवात करा, असे त्या संध्याकाळी सांगितले जाई. आजच्या कृषिविस्ताराने आपल्या हाती आलेल्या ह्या चतुर साधनाशेजारी तेवढे एक जुने वाक्य लिहून ठेवावे, असे मला वाटते.